बीमधली नाव

तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात एक नाव आहे. लांबी 3.4 सेंटिमीटर, उंची 1.6. चिनी ऑलिव्हच्या बीमधून ती कोरून काढली आहे. (तेलाचं ऑलिव्ह वेगळं, त्याचं झाडही वेगळं.) ही बी टणक आणि दोन्ही टोकांना निमुळती असते, म्हणजे निम्मी नाव झाडानंच घडवलेली. उरलेली निम्मी चेन झूझांग यांनी 1737 मध्ये घडवली. ग्वांगदोंगचे हे कारागीर बादशाही कारखान्यात कामाला होते. नावेत आठ माणसं आहेत, खिडक्या उघडतात-मिटतात आणि तळावर तीनशेहून अधिक अक्षरांचा मजकूर आहे.

हातचलाखीचं कौतुक इथवर पुरे. नावेत कोण बसलंय, ते जास्त मोलाचं. तो कवी सू शी. कवितांतून दरबाराची टिंगल केल्याच्या आरोपावरून 1079 मध्ये त्याला अटक झाली आणि पुढे हुआंगझोउला धाडण्यात आलं. तिथून 1082 मध्ये तो दोनदा नावेनं ‘लाल कड्या’खाली फिरायला गेला. तळावर कोरलाय तो दुसऱ्या फेरीचा त्याचा लेख. दरबारानं हाकललेल्या माणसाची सहल दरबारानंच हौसेनं कोरवून घेतली, आणि चेन यांनी खाली सही केली ती बादशहाचा सेवक म्हणून!

चिनी कोरीवकामातला विद्वान बहुतेकदा असाच भेटतो: पाइनखाली, पुलावर, नावेत आणि आकारानं लहान. डोंगर मोठा. परीक्षा देऊन अधिकारी झालेल्या माणसाचा जन्म कागदपत्रांत जायचा. डोंगर मेजावरच आणावा लागे. ज्यादिंगच्या झू घराण्यानं तीन पिढ्या बांबूची कुंचलेदानं कोरली. गोल बांबूवरचं दृश्य एका नजरेत मावत नाही. दान फिरवलं की आधी कडा येतो, मग झाड, मग त्याआड बसलेली माणसं. शिवाय बांबू वाकतो पण मोडत नाही, आणि आतून पोकळ असल्यानं नम्रतेची खूण ठरतो. माध्यमच इथे अर्थ सांगतं.

जेडचे डोंगर मला त्यामानानं जड वाटतात. मिनिआपोलिसच्या संग्रहालयात सुमारे 290 किलोंचा एक आहे. त्यावर 353 सालची लानतिंगची मैफल: ओढ्यात मद्याचे पेले सोडायचे, पेला समोर थांबला की कविता करायची, नाही जमली तर दंड म्हणून प्यायचं. च्यानलोंग बादशहानं त्या दगडावर आपलीही कविता कोरवली. त्याच्या नावावर चाळीस हजारांहून अधिक कविता आहेत, तेव्हा त्याला दंडाची भीती नसावी.