पेशी किती, यापेक्षा पेशी कशा?

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला, की नगर असो वा नेवासे, आपण पांढऱ्या पेशींचा आकडा पाहतो. आकडा ठीक, म्हणजे सारे ठीक! मला मात्र पेशी कामाला तयार झाल्या का, हा प्रश्न मोठा वाटतो.

छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत कच्च्या पेशींच्या ‘टी’ पेशी घडतात. जनुके सगळ्याच पेशींत जवळपास तीच. कोणते केव्हा उघडायचे हे काही प्रथिने ठरवतात. सॅटबी-१ हे त्यांपैकी एक. डीएनएच्या धाग्याची वेटोळी ते जागोजागी धरून ठेवते. ते नसलेल्या उंदरांत टी पेशींची घडण अर्ध्यावरच अडते. पिल्ले साधारण तीन आठवड्यांत दगावतात. या प्रथिनाचा माग आपल्या शेजारीच, पुण्यात डॉ. संजीव गलांडे यांच्या गटाने काढला. मदतनीस टी पेशींनी कोणते वळण घ्यायचे, यातही त्याचा हात असल्याचे या गटाने २०१० मध्ये दाखवले. त्याच वर्षी डॉ. गलांडे यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

माणसांतही जनुकदोषाने टी पेशी नीट न घडण्याचे आजार आहेत. दुर्मीळ, पण आहेत. मूल वारंवार गंभीर आजारी पडत असेल, तर आकड्यावर न थांबता डॉक्टरांना पुढचे विचारा. अशा तपासण्या मुंबईत, केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होतात.