हंगामातली हजेरी

पहाटे 5.15. अकलूजची एक खोली. गॅसवर चहा, शेजारी सांख्यिकीचं पुस्तक. शाळांतून समुपदेशनाचं काम करणाऱ्या या बाई इग्नूतून मानसशास्त्रात एम.ए. झाल्या. अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी चाचणी घ्यायची, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. त्यांच्या एम.ए.वर ती मिळत नाही. पुढचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्णवेळ. तेवढे दिवस पगाराचे महिन्याला 14,000 रुपये बंद. अभ्यास रोज होतो, अर्ज मात्र अजून भरलेला नाही.

सकाळी 8.40. श्रीपूरची एसटी. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, तेवढीच बचत. मांडीवर लाकडी फॉर्म बोर्डची जड पिशवी. पुढं उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन ट्रेलर. गाडी त्यांच्या मागं रांगते. 1934 मध्ये चंद्रशेखर आगाशेंनी उभ्या केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपूरलाच होता. आता तिथं पांडुरंग सहकारी कारखान्याचा हंगाम चालू आहे.

10.30. शाळा. वर्गशिक्षक दारातच गाठतात. "मॅडम, ह्याला वाचता येत नाही. एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमता असंल." तिसरीतला मुलगा, नऊ वर्षांचा. आईबाप बीडकडचे, ऊसतोडीला आलेले.

10.50. खिडकीशी सतरंजी. आधी सेगाँचा बोर्ड: दहा लाकडी आकार, ज्याच्या त्याच्या खाचेत बसवायचे. तीन वेळा करायचं, सर्वांत कमी वेळ धरायचा. घड्याळ मोबाइलमध्ये. मुलाचा हात भराभर चालतो. त्रिकोण चुकतो, तो स्वतःच उचलून पुन्हा लावतो. बाई बोलत नाहीत, फक्त लिहितात.

11.30. बिने-कामत. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी 1930 च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली चाचणी. प्रश्न बहुतेक तोंडी, म्हणून वाचता न येणाऱ्या मुलाला बोलायला जागा मिळते. मुलगा बोलतो. हिशेब पटकन करतो. फडातल्या मोळ्या तोच मोजतो म्हणे.

मग वाचन. 'कमळ' वाचतो. 'चंद्र'पाशी अडतो. जोडाक्षरं नाहीतच.

1.00. डबा. जेवता जेवता बाई जुनी हजेरी मागवतात. मुलासोबत शिक्षण हमी पत्रक आलंय, त्यावरून गावच्या शाळेला फोन लावतात. पहिलीत दिवाळीनंतर नाही. दुसरीत दिवाळीनंतर नाही. सगळ्या दिवसातलं हेच काम मोठं, आणि ते चाचण्यांच्या कुठल्याही पेटीत मिळत नाही. शिकवलंच गेलं नसेल, तर त्याला अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही, हा निदानाचा नियमच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता आली, वयाच्या आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र मिळतं. ते खऱ्या गरजू मुलाला जादा वेळ देतं, लेखनिक देतं. या मुलाच्या कपाळी मात्र ते चुकीचा शिक्का ठरेल.

2.15. झेरॉक्स. 2 रुपये पान, खिशातून.

संध्याकाळी 5.30. कोप्या, ऊसतोड मजुरांच्या झोपड्या. आई फडावरून आली आहे, हाताला पाचटाचे ओरखडे. चूल पेटवता पेटवता म्हणते, "मॅडम, पोरगं येडं नाही हो माझं."

"नाहीच. हुशार आहे. शाळा बुडालीय त्याची."

"मागं कुणापाशी ठेवावं? म्हातारी गेली."

बाई उत्तर देत नाहीत. रोज अर्धा तास वाचायला बसवायचं ठरतं. शेजारच्या कोपीतली सातवीची मुलगी बसवेल. गोष्टीची दोन पुस्तकं पिशवीतून निघतात.

7.40. परतीच्या थांब्यावर पुन्हा गावच्या गुरुजींना फोन. "सर, अहवाल पोराबरोबर पाठवते. पट्टा पडल्यावर, हंगाम संपला की येईल तो. अक्षमता लिहिलेली नाही मी. जोडाक्षरांपासून धरा, आणि तीन महिन्यांनी मला कळवा. तेव्हाही अडला, तर सोलापूरला तपासणीला नेऊ."

पलीकडून गुरुजी पत्ता विचारतात. बाई शाळेचा सांगतात, मग थांबून घरचाही सांगतात, कारण त्यांचा शाळेशी करार एप्रिलपर्यंतच आहे.