बिबट्याची सोयरीक



बिबट्याचा विषय निघाला की आपल्या बचत गटात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, त्याला पकडून लांब का नाही सोडत?" आज त्याचंच बोलू.

२००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढलं. संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात पट्टा बांधला. तो कुठे फिरतो, हे त्या पट्ट्यावरून कळायचं. मग त्याला आपल्या माळशेज घाटात सोडलं. स्वभावाने शांत, म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा.

पण आजोबा माळशेजला राहिलाच नाही. कसाऱ्याकडून रूळ आणि रस्ते ओलांडत, पुढे खाडी पार करत, सुमारे १२० किलोमीटर चालून तो महिन्याभरात मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केली नाही. म्हणजे लांब सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहीलच असं नाही. शिवाय इथली जागा रिकामी झाली की तिथे दुसरा येतो.

आजोबाच्या चालण्यातून आणखी एक गोष्ट कळली. माळशेजपासून मुंबईपर्यंत रानाची वाट तेव्हा तुटलेली नव्हती.

ही वाट कशाला हवी? आपल्या कोंबड्यांचं बघा. वर्षानुवर्षं घरचाच कोंबडा ठेवला, तर अंडी कमी फुटतात, पिल्लं अशक्त निघतात. म्हणून आपण दुसऱ्या पाड्यावरून कोंबडा आणतो. रानातही तसंच आहे. बिबट्याचा नर वयात आला की आईचा मुलूख सोडून दूर जातो. आफ्रिकेतल्या चिंपांझींत तर मादी वयात आली की बहुधा दुसऱ्या कळपात जाते, अगदी आपल्या सासरी जाण्यासारखं! नव्या रक्ताने पुढची पिढी सशक्त होते, रोगराईत सगळीच्या सगळी बळी पडत नाही.

वाट तुटली तर काय होतं, ते ओडिशाच्या सिमिलीपाल जंगलात दिसतं. तिथले वाघ इतर वाघांपासून तुटले. थोड्याच वाघांची आपसात वीण होत राहिली, आणि इतरत्र जवळजवळ न दिसणारे काळसर पट्ट्यांचे वाघ तिथे वाढले. हे कारण शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये सांगितलं.

आपल्याकडे तानसा अभयारण्य, माहुली, माळशेज, भीमाशंकर ही राने एका माळेतल्या मण्यांसारखी आहेत. मधला दोरा म्हणजे आपलीच शेतं, ओढे, गावरान. रस्ते वाढले, गाड्या वाढल्या. स्वतः आजोबा २०११ मध्ये रस्त्यावर गाडीच्या धडकेनेच मेला.

मग आपण काय करायचं?

मोहाची फुलं वेचताना पाला पेटवू नका, त्यातूनच वणवा लागतो. ओढ्याकाठची झाडं राखा. उघड्या विहिरीला कठडा हवा, हा विषय ग्रामसभेत काढा. त्याने बिबट्याही वाचेल आणि आपली पोरंही. शेळ्या रात्री वरून बंद असलेल्या गोठ्यात बांधा. अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडू नका. बिबट्या दिसलाच तर त्याला घेरू नका, वाट मोकळी द्या आणि वनखात्याला कळवा.

त्याला जायला वाट असली, तर तो आपल्या दारात अडकून पडणार नाही. एवढं आपल्या गटात जरूर बोला.