एक्सलच्या बोल्टची पकड

उसाने भरलेली ट्रॉली भर रस्त्यात बसली की लोक आधी टायर बघतात, मग खड्डा बघतात आणि शेवटी ड्रायव्हरला बोल लावतात. खरं कारण पुष्कळदा ट्रॉलीच्या पोटाखाली असतं. एक्सलला कमानपाट्यांशी आवळून धरणारा, घोड्याच्या नालेसारखा वाकलेला यू-बोल्ट सैल झालेला असतो. तो आज सैल झालेला नसतो, आठ-दहा खेपांपासून तसाच चालत असतो.

परळीहून बीडकडे निघालं की वाटेत सिरसाळा लागतं. परळी तालुक्यातलं हे मोठं बाजारगाव. एका अंगाला परळीचं औष्णिक वीज केंद्र आणि पांगरीचा साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला तेलगावचा साखर कारखाना. या पट्ट्यात ओझं वाहणारी चाकं कधी थांबत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड निघते तेव्हा तर घरंच्या घरं ट्रॉलीत चढतात. कोयते, भांडी, ज्वारीची पोती, शेळ्या, म्हातारी माणसं आणि लेकरं, सगळं एका ट्रॉलीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, पलीकडे बेळगावपर्यंतचा प्रवास, तोही बराचसा रात्रीचा. म्हणून इथे एक्सलचा बोल्ट हा नुसता स्पेअर पार्ट नाही. त्याच्या भरवशावर माणसं झोपलेली असतात.

रामायणाच्या कथेत रथाच्या चाकाची खीळ निखळली तेव्हा कैकेयीने तिथे स्वतःचं बोट घातलं, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. खिळीची किंमत त्या कथाकारांना पुरती माहीत होती.

हंगामाआधी या भागातल्या फिटर, वेल्डर आणि लेथवाल्यांकडे ट्रॉल्या उभ्या राहतात. हबची बेअरिंगं धुऊन ग्रीस भरणं, तुटलेले पाटे बदलणं, हुक तपासणं, ही कामं सरावाने आणि चांगली होतात. बोल्टच्या वाट्याला मात्र एकच उपाय येतो: तुटला की ‘जाड टाका, हायटेन्शनचा टाका’. उपाय चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा समजायचा तर बोल्ट काम कसं करतो ते आधी पाहायला हवं.

ऊसतोड कामगाराला ते लगेच कळेल. वाढ्याने घट्ट आवळलेल्या मोळीतला ऊस ओढून निघत नाही. मोळी सैल असेल तर डोक्यावर घेतल्याबरोबर ऊस सरकू लागतात. मोळी एकसंध राहते ती आवळल्यामुळे, उसाला उसाने दाबून धरल्यामुळे. यू-बोल्टचंही असंच आहे. नट आवळला की बोल्ट किंचित लांबतो, ताणला जातो आणि त्या ताणाने एक्सल, पाटे आणि खालची प्लेट एकमेकांवर दाबली जातात. भार पेलतं ते या दाबातून आलेलं घर्षण. बोल्टला आडवा मार बसता कामा नये. तो बसायला लागला म्हणजे पकड गेली, असं समजावं.

आता थोडे आकडे. १६ मिलिमीटरच्या, ८.८ दर्जाच्या बोल्टला नीट आवळलं तर एकेक पाय साधारण ७ टनांच्या जोराने दाबून धरतो. त्यासाठी नटावर सुमारे २२० न्यूटन-मीटर इतका पीळ लागतो, म्हणजे दीड फुटी पान्याच्या टोकाला ५० किलोंच्या आसपास जोर. गंमत अशी की या पिळापैकी जवळपास नव्वद टक्के नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो, बोल्ट ताणायला जेमतेम दहा टक्के उरतात. त्यामुळे गंजलेल्या आट्यांवर पाना कितीही ‘कट्ट’ बोलला तरी बोल्ट ताणला गेलेला असेलच असं नाही. उलट आट्यांना तेल लागलेलं असेल तर तेवढ्याच जोरात ताण पुष्कळ वाढतो. आणि पान्याला चार फुटी पाइप लावून भरल्या अंगाचा माणूस लटकला तर पीळ हवा त्याच्या तिपटीवर जातो. बोल्ट तिथेच कायमचा लांबतो. दिसायला तो शाबूत असतो, पण त्याची कुवत गेलेली असते.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडेही वाचायला शिकलं पाहिजे. ८.८ मधला पहिला ८ सांगतो की हे पोलाद तुटायला दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन लागतात. टिंबानंतरचा ८ सांगतो की त्याच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, ते कायमचं लांबू लागतं. १०.९ मध्ये हेच आकडे १००० आणि ९०० होतात. आपल्याकडे आय.एस. १३६७ या मानकात हे दर्जे दिलेले आहेत. ज्या बोल्टच्या डोक्यावर आकडा नाही आणि बनवणाऱ्याची खूणही नाही, तो एक्सलजवळ येऊ देऊ नये. यू-बोल्टला डोकं नसतं, म्हणून तो माहितीच्या दुकानातून घ्यावा आणि त्याचे नट दर्जाचा आकडा पाहून घ्यावेत.

बोल्ट सैल होण्याची हीच कथा जगातल्या महागड्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीतही घडते. गाडी रेसच्या मैदानात उतरवली, इंजिनाची ताकद वाढवली, रस्त्याला चिकटून धरणारे टायर घातले की चाकाकडे जाणाऱ्या एक्सलच्या जोडावरचे लहान बोल्ट सैल होतात, तुटतात. मग मालक ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचे बोल्ट घालतात. दोन मिलिमीटरचाच फरक, पण ताण घेणारं क्षेत्र ३६.६ वरून ५८ चौरस मिलिमीटरवर जातं, दीडपटीहून जास्त. त्यांचे जाणकार मेकॅनिक मात्र नुसता जाड बोल्ट घालून थांबत नाहीत. जोडाचे दोन्ही पृष्ठभाग ग्रीस पुसून कोरडे करतात, सगळे बोल्ट नवे घेतात, टॉर्क पान्याने मोजून आवळतात आणि थोडी गाडी पळवून पुन्हा तपासतात. कोट्यवधींच्या गाडीला जे लागतं तेच सिरसाळ्याच्या ट्रॉलीलाही लागतं. ट्रॉलीला जरा जास्तच, कारण दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांवर ऊस असतो आणि खाली काळ्या मातीतला पाणंद रस्ता असतो.

नट मुळात का सुटतो, याचं उत्तर गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं. उभ्या हादऱ्यापेक्षा आडवी सरक घातक. जोड बाजूला जरासा जरी सरकू लागला तरी प्रत्येक सरकीगणिक नट आपोआप थोडा उलटा फिरतो. म्हणून नुसत्या स्प्रिंग वॉशरवर भिस्त ठेवू नये. सरक थांबवायची ती पुरेशा ताणाने.

पाट्यांच्या मधोमध असतो तो सेंटर बोल्ट. त्याचं काम पाट्यांची जागा राखणं एवढंच, भार घेणं नव्हे. यू-बोल्ट सैल पडले की भार त्याच्यावर येतो आणि तो कापला जातो. मग एक्सल तिरपा होतो आणि ट्रॉली खेकड्यासारखी चालू लागते. पाटा मधल्या भोकावरच तुटला असेल तर नवा पाटा घालण्याआधी यू-बोल्टकडे बघावं, नाहीतर नवा पाटाही तिथेच तुटेल.

तुटलेला बोल्ट फेकूनही देऊ नये. त्याच्या तुटक्या तोंडावर सगळा इतिहास असतो. एक भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या, कधी गंजाची रेघ. उरलेला भाग खरबरीत. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू वाढत गेलेली चीर, खरबरीत भाग म्हणजे शेवटचा झटका. गुळगुळीत भाग मोठा असेल तर बोल्ट कित्येक दिवस मरत होता आणि कुणी पाहिलं नव्हतं. सगळंच तोंड खरबरीत असेल तर ओझं एकदम असह्य झालं. चांगला फिटर हे तोंड बघून मालकाला कारण सांगू शकतो, आणि माझ्या मते या धंद्यातली खरी विद्या हीच आहे.

दोन सवयी मात्र सोडायलाच हव्यात. एक, नट सुटू नये म्हणून त्याला वेल्डिंगचा टाका मारणं. हायटेन्शन बोल्टचं बळ तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला आणून कमावलेलं असतं. वेल्डिंगची आग ते क्षणात घालवते आणि टाक्याच्या कडेला नवी चीर पेरते. दुसरी सवय, सर्वांत कडक तोच चांगला, असं मानून चमकदार मुलाम्याचा १२.९ दर्जाचा बोल्ट घालणं. मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो. तो नंतर भट्टीत तापवून नीट काढला नाही तर असा बोल्ट उभ्या गाडीतही अचानक तुटू शकतो. ट्रॉलीला ८.८ किंवा १०.९ पुरे, पण पूर्ण सेट नवा हवा. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट सोडून परत लावू नयेत.

ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्या घराचे बोल्टही असेच दुर्लक्षित. तिथल्या जोडातून तेल झिरपू लागलं की आधी बोल्ट तपासावेत, मग पॅकिंगला दोष द्यावा.

नवे बोल्ट पहिल्या भरल्या खेपेनंतर बसतात. रंग, गंज, धूळ दबते आणि ताण उतरतो. तेव्हाच पुन्हा पाना लागला पाहिजे, समोरासमोरचे नट आलटून पालटून. गाळपाच्या दिवसांत फिटरकडे परत यायला ड्रायव्हरला सवड नसते, हे खरं. पण कारखान्याच्या यार्डात काट्याचा नंबर लागेपर्यंत ट्रॉल्या तासन् तास उभ्या असतात. प्रत्येक कारखान्याने त्या रांगेजवळ एक टॉर्क पाना आणि तो चालवणारा एक फिटर हंगामभर ठेवावा. एका एक्सलचे आठ नट तपासायला फार वेळ लागत नाही. मुकादमांनी आणि वाहतूक संघटनांनी येत्या करारात ही मागणी लिहून घ्यावी, आणि ती मान्य होईपर्यंत ट्रॉलीमालकांनी पहिल्या खेपेनंतरचा पाना स्वतः लावावा.