हुकाची वेळ आणि हॉइस्टची रांग

आमच्या मोहाडीत टॉवर क्रेन लागेल अशी इमारत नाही. इथे घराचा स्लॅब मिक्सर, विंच आणि घमेल्यांवरच पडतो. पण धान चुरून झालं की नागपूर, हैदराबाद, मुंबईच्या साइटवर जाणारी माणसं आपल्याच गावांतली. म्हणून उंच इमारतींवर माल आणि माणसं कशी चढत गेली, याचा मागोवा आपणही घ्यायला हवा.

१९७० साली नरिमन पॉइंटला २५ मजली एक्स्प्रेस टॉवर्स उभी राहिली. त्या पिढीच्या बांधकामांवर बांबूची परांची आणि हातोहात चढणारी घमेली हेच मोठं बळ होतं. २०१० मध्ये ताडदेवचे इंपिरिअलचे जोडमनोरे ६० मजल्यांवर गेले, पुढे लोअर परळचं वर्ल्ड वन २८० मीटरवर. या उंचीला घमेलं पुरत नाही. काँक्रीट पंपाने चढतं, सळई आणि शटरिंग क्रेनने, माणसं हॉइस्टने, म्हणजे बांधकामाच्या लिफ्टने.

क्रेनला हुक एकच, आणि मागणारे दहा. सकाळी सळईवाले, दुपारी शटरिंगवाले, मध्येच प्लंबिंगचे पाइप. म्हणून आदल्या दिवशीच हुकाची वेळ वाटून दिली जाते. मजले वाढतात तशी एकेक फेरी लांबते आणि त्याच दिवसात कमी फेऱ्या बसतात. शिवाय वजन क्रेनच्या बुंध्यापासून जितकं दूर, तितकं कमी उचलता येतं. जवळ सहज उचललेला बंडल जिबच्या, म्हणजे क्रेनच्या आडव्या हाताच्या, टोकाला नेला तर क्रेन उलटू शकते. काम संपलं की ऑपरेटर फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडून उतरतो. रात्री वारा सुटला की जिब वाऱ्यासोबत फिरते, त्याला आडवी उभी राहत नाही. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला क्रेन सुटल्यासारखी वाटते, पण तिचा बचाव त्यातच आहे.

मालाचं नियोजन असं मिनिटामिनिटाचं झालं. माणसांच्या वाट्याला मात्र सकाळची हॉइस्टची रांगच राहिली.

१० सप्टेंबर २०२३, रविवार. ठाण्यात बाळकुमला नुकत्याच पूर्ण झालेल्या ४० मजली इमारतीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग चालू होतं. काम करून उतरणाऱ्या मजुरांची लिफ्ट कोसळली. सात जण गेले. अवजड उचल तोवर आटोपलेली होती. माझ्या मते धोक्याचा काळ हाच. क्रेन उतरते, मोठे इंजिनियर पुढच्या साइटवर जातात, आणि उरलेल्या किरकोळ कामांची माणसं त्याच जुन्या हॉइस्टवर वर-खाली करत राहतात.

बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ मध्ये झाला. उचलयंत्रांची सक्षम व्यक्तीकडून चाचणी आणि तपासणी त्याच्या नियमांनी बंधनकारक केली. पण त्या तपासणीचा कागद साइट ऑफिसच्या फायलीत असतो आणि चढणारा माणूस गेटवर. तो कागद हॉइस्टच्या दारावर, मराठी आणि हिंदीत, तारखेसकट लावला पाहिजे. किती माणसं चढायची हा आकडाही तिथेच. आणि शेवटचा मजूर गच्चीवरून उतरेपर्यंत हॉइस्टची जबाबदारी असलेला माणूस साइटवरून हलता कामा नये.