यादीची चाळणी आणि रिकामा रकाना

पावसाळा तोंडावर आला की मुंबई आणि ठाणे परिसरातील महापालिकांमध्ये एका यादीची लगबग सुरू होते. ती यादी असते धोकादायक इमारतींची. भिवंडीसारख्या शहरात या यादीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. तळमजल्यावर यंत्रमागांचा खडखडाट आणि वरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी बिऱ्हाडे, हे या शहराचे जुने रूप. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि झोपेत असलेले रहिवासी ढिगाऱ्याखाली गाडले गेले. त्या दुर्घटनेत ४१ जणांचा बळी गेला. पुढे २९ एप्रिल २०२३ रोजी तालुक्यातील वळ गावाच्या हद्दीत गोदाम आणि निवास अशा दुहेरी वापराची इमारत कोसळून ८ जण मृत्युमुखी पडले. अशा शहरात इमारतींची यादी हा केवळ कार्यालयीन कागद राहत नाही.

पूर्वी ही यादी नोंदवहीत असे. आता बहुतेक ठिकाणी अशा याद्या संगणकात जात आहेत. संगणकातील यादी हजारो ओळींची असली तरी पडद्यावर एका वेळी जेमतेम शंभर ओळी दिसतात. त्यांतून हव्या त्या ओळी निवडून काढण्यासाठी यादीच्या बाजूला जी सोय असते, तिला फिल्टर किंवा साध्या मराठीत चाळणी म्हणतात. चाळणी कोणत्या छिद्रांची असावी, हे प्रणाली तयार करताना एकदा ठरते. पुढे रोज टेबलावर बसणारा कर्मचारी तिच्यातूनच जग पाहत असतो. म्हणूनच चाळणीची मांडणी ही तांत्रिक बाब वाटली तरी मुळात ती कारभाराची बाब आहे.

वृत्तपत्राच्या कचेरीतील जन्म

वेब प्रणालीला दोन दरवाजे असतात. एक नागरिकांसाठी, तर दुसरा नोंदी भरणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी. या दुसऱ्या दरवाजामागील भागाला ॲडमिन विभाग म्हणतात. हा विभाग जवळजवळ आयता पुरविणारी एक लोकप्रिय चौकट म्हणजे जँगो. पायथन भाषेत लिहिलेली ही चौकट अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये आकाराला आली. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे तिचे मूळ रचनाकार. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्या उपसंपादकांनाही नोंदी हाताळता याव्यात, ही त्या कचेरीची गरज होती. जँगोच्या ॲडमिन विभागाचा सुटसुटीतपणा तेथूनच आला. ही चौकट विनामूल्य असल्याने लहान संस्थाही ती वापरू शकतात.

या विभागातील चाळणीची रीत समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ते कोणत्याही कार्यालयाच्या प्रत्यक्ष प्रणालीचे वर्णन नाही. भिवंडीतील इमारतींची एक यादी आहे. प्रत्येक इमारतीपुढे परिसर, प्रभाग, बांधकामाचे वर्ष, शेवटच्या पाहणीची तारीख आणि वर्गवारी असे रकाने आहेत. महाराष्ट्रात धोकादायक इमारतींची वर्गवारी चार प्रकारांत केली जाते. ‘सी-१’ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. ‘सी-२ बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती करता येण्याजोगी आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

एका ओळीचे काम

जँगोमध्ये प्रत्येक यादीच्या ॲडमिन वर्गात ‘लिस्ट फिल्टर’ नावाचा एक गुणधर्म असतो. त्यात प्रोग्रॅमरने रकान्यांची नावे ओळीने लिहिली की यादीच्या उजव्या बाजूला त्याच क्रमाने चाळण्या उभ्या राहतात. रकान्याचा प्रकार ओळखून पर्याय आपोआप ठरतात. होय-नाही स्वरूपाचा रकाना असेल तर ‘सर्व, होय, नाही’ असे पर्याय येतात. तारखेचा असेल तर ‘आज, गेले ७ दिवस, हा महिना, हे वर्ष’ असे पर्याय मिळतात. ठरावीक पर्यायांचा रकाना असेल तर ते पर्याय दिसतात. दुसऱ्या यादीशी जोडलेला असेल तर त्या यादीतील नावे दिसतात. चाळण्यांची शीर्षके मराठीतही देता येतात.

एकाहून अधिक चाळण्या लावल्या की त्या एकमेकींच्या आड येत नाहीत, तर एकीखाली एक लागतात. प्रभागाची एक आणि ‘सी-१’ची दुसरी चाळणी लावली, तर दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या इमारतीच उरतात. शिवाय निवडलेली अट पानाच्या पत्त्यातही उमटते. त्यामुळे ‘या प्रभागातील सी-१ इमारती’ हे पान खूण करून ठेवता येते किंवा सहकाऱ्याला त्याचा दुवा पाठविता येतो.

येथवर सारे सोपे आहे. अडचणी सुरू होतात त्या यानंतर.

रिकामा रकाना कोठे जातो?

पाहणी झाली नाही, त्यामुळे वर्गवारी ठरली नाही, अशा इमारती कोणत्याही यादीत असतातच. त्यांचा वर्गवारीचा रकाना रिकामा राहतो. आता चाळणीत ‘सी-१’पासून ‘सी-३’पर्यंतचे चारच पर्याय आहेत असे समजा. कर्मचारी चारही पर्याय एकेक करून तपासतो आणि सर्व इमारती पाहून झाल्या, असे मानतो. प्रत्यक्षात रिकाम्या रकान्याची इमारत त्या चारपैकी कोठेही येत नाही. ती फक्त ‘सर्व’ या पर्यायात, हजारो ओळींच्या गर्दीत असते. ज्या इमारतीविषयी काहीच माहीत नाही, तीच नेमकी नजरेआड होते.

यावर उपाय आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या जँगोच्या ३.१ आवृत्तीपासून ‘रिकामे’ आणि ‘रिकामे नसलेले’ असे दोनच पर्याय देणारी चाळणी तयार मिळते. वर्गवारीच्या नेहमीच्या चाळणीशेजारी ती बसविली की अनिर्णित इमारती एका टिचकीसरशी समोर येतात. दुसरा मार्ग अधिक साधा आहे. ‘पाहणी बाकी’ हा पाचवा पर्यायच वर्गवारीत ठेवावा आणि नवी नोंद आपोआप त्याच पर्यायात पडावी. डिसेंबर २०२३ मधील ५.० आवृत्तीपासून प्रत्येक पर्यायापुढे त्यातील नोंदींची संख्या दाखविण्याची सोयही आली आहे. पर्यायांच्या संख्यांची बेरीज एकूण यादीएवढी भरत नसेल, तर काहीतरी निसटते आहे, हे त्यावरून चटकन कळते.

एक गाव, तीन नावे

दुसरी अडचण मोकळ्या मजकुराची. परिसराचा रकाना हाताने टंकण्यासाठी मोकळा सोडला, तर एक जण ‘कामतघर’ लिहितो, दुसरा ‘कामत घर’ लिहितो आणि तिसरा तेच नाव रोमन लिपीत लिहितो. अशा रकान्यावर चाळणी लावली की जँगो त्यात आढळणारी प्रत्येक वेगळी अक्षररचना स्वतंत्र पर्याय म्हणून दाखवितो. माणसाला एकच वाटणारे ठिकाण संगणकाला तीन ठिकाणे वाटतात. एक पर्याय निवडणाऱ्याला परिसरातील सर्व इमारती मिळाल्याचा भास होतो, पण हाती येतो त्यांचा एक तुकडा.

दोष चाळणीचा नसून नोंदीचा आहे. परिसरांची स्वतंत्र यादी करून इमारतीच्या नोंदीत त्यातूनच नाव निवडण्याची सक्ती केली, तर हा घोळ मुळातच टळतो. मग चाळणीही नीटनेटकी होते आणि ज्या परिसरांत प्रत्यक्ष नोंदी आहेत तेवढेच दाखविण्याची सोयही वापरता येते.

‘आज’ केव्हा सुरू होतो?

तिसरी अडचण वेळेची. इमारतींबरोबर नागरिकांच्या तक्रारींचीही यादी आहे असे समजा. जँगोचा नवा प्रकल्प सुरू करताना त्याची घड्याळपद्धत जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असते. ती बदलून भारतीय वेळ लावण्याचे राहून गेले, तर संगणकाचा ‘आज’ मध्यरात्री नव्हे, तर पहाटे साडेपाचला सुरू होतो. भिंतीला तडा गेल्याची तक्रार रात्री २ वाजता ऑनलाइन नोंदविली गेली असेल, तर सकाळी १० वाजता कामावर येऊन ‘आज’वर टिचकी मारणाऱ्या कर्मचाऱ्याला ती दिसणारच नाही. संगणकाच्या लेखी ती काल आलेली असते. मांडणीच्या फाइलमध्ये ‘आशिया/कोलकाता’ हे दोन शब्द लिहिले की हा प्रश्न सुटतो. पण तो आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

प्रश्नातून घडलेली चाळणी

आयत्या चाळण्या रकान्यांवर चालतात, तर कार्यालयातील माणसे प्रश्नांवर चालतात. महापालिका कायद्यानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. त्यामुळे ‘तीस वर्षे उलटली, पण तपासणी झाली नाही अशा इमारती कोणत्या?’ हा अभियंत्याचा रोजचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर कोणत्याही एका रकान्यात नाही.

यासाठी २०१२ मधील १.४ आवृत्तीपासून स्वतःची चाळणी लिहिण्याची सोय आहे. तिच्यात चार गोष्टी सांगाव्या लागतात. शीर्षक, पत्त्यात उमटणारे नाव, पर्यायांची यादी आणि प्रत्येक पर्यायासाठी नोंदी निवडण्याचा नियम. आपल्या उदाहरणात ‘तपासणी थकीत’, ‘तपासणी झालेली’, ‘तीस वर्षांच्या आतील’ आणि ‘बांधकामवर्ष अज्ञात’ असे पर्याय ठेवता येतील. यातील शेवटचा पर्याय विसरता कामा नये. जुन्या शहरांत अनेक इमारतींचे बांधकामवर्ष कागदोपत्री सापडत नाही आणि वयाचा हिशेब करणारा नियम अशा इमारतींना निमूटपणे वगळून टाकतो.

चाळणी म्हणजे कुलूप नव्हे

आणखी दोन गैरसमज महागात पडतात. चाळणी लावलेली असताना एखाद्या इमारतीची वर्गवारी ‘सी-२ ए’वरून ‘सी-१’ केली, की जतन केल्यावर ती समोरच्या यादीतून नाहीशी होते, कारण ती आता त्या चाळणीत बसत नाही. नवख्या कर्मचाऱ्याला नोंद पुसली गेली असे वाटते आणि तो ती पुन्हा भरतो. अशाने एकाच इमारतीच्या दोन नोंदी तयार होतात. उलट, ‘सर्व निवडा’ म्हणून एकगठ्ठा बदल करताना कोणती चाळणी लागलेली आहे, हे न पाहिल्यास भलत्याच नोंदी बदलतात किंवा पुसल्याही जातात. एकगठ्ठा कृतीपूर्वी यादीखालील एकूण संख्या वाचण्याची सवय म्हणूनच हवी.

दुसरा गैरसमज सुरक्षिततेचा. एका प्रभागाच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या प्रभागाच्या नोंदी दिसू नयेत, म्हणून चाळणीवर विसंबणे चूक आहे. पानाच्या पत्त्यातील अट खोडली की पूर्ण यादी उघडते. कोणाला काय दिसावे, हे सर्व्हरवर नोंदी निवडण्याच्या मूळ नियमातच बांधावे लागते.

किती चाळण्या असाव्यात, याला ठरीव उत्तर नाही. पण दहा-पंधरा चाळण्यांची रांग लावली तर कोणीच त्या वापरत नाही आणि मोठ्या यादीत पानही मंदावते. प्रोग्रॅमरने एक दिवस कर्मचाऱ्याच्या टेबलाशेजारी बसून दिवसभरात कोणते प्रश्न येतात ते टिपावे. जो प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, त्याची चाळणी सर्वांत वर असावी. नाव किंवा क्रमांक शोधायचा असेल तेथे चाळणीऐवजी शोधपेटी द्यावी.

घरातल्या चाळणीत वर उरते ते टाकायचे असते आणि खाली पडते ते वापरायचे. कारभारातल्या चाळणीचे तसे नसते. तिच्यातून जे दिसत नाही, तेही कोणाचे तरी घर असते. म्हणून नवी प्रणाली हाती घेताना कोणत्याही कार्यालयाने पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की ज्याची माहिती अजून भरलेली नाही, ते या पडद्यावर कोठे दिसते? त्याचे उत्तर एका टिचकीत मिळत असेल, तर चाळणी नीट बसविली आहे असे समजावे.