हॉट टबचं पाणी नितळ दिसतंय, पण स्वच्छ आहे का?

गोव्यातल्या व्हिलांमध्ये दिसणारा हॉट टब आता काही जण घराच्या गच्चीवरही बसवून घेतात. पाणी नितळ दिसतंय म्हणून तेच आठवडेच्या आठवडे वापरलं जातं. धोका नेमका इथेच आहे.

पाणी ३८-४० अंशांवर असतं. एवढ्या गरम पाण्यात क्लोरीन झपाट्याने संपतं. त्यात चार माणसं बसली की घाम, तेल, साबण मिसळून ते आणखी लवकर खर्च होतं. मग लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. बुडबुड्यांच्या तुषारांबरोबर ते श्वासातून फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. घरात वयस्कर किंवा सिगारेट ओढणारं कुणी असेल तर जास्तच जपायला हवं.

डोळे चुरचुरवणारा उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त झालं. खरं तर बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं. वास घामाशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो.

टबात उतरण्याआधी टेस्ट स्ट्रिप बुडवून पाहा. पीएच, म्हणजे सामू, ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन किमान ३ पीपीएम हवं. सामू त्यापेक्षा वर गेला तर क्लोरीन असूनही नीट काम करत नाही. स्विमिंग पूलच्या क्लोरीन गोळ्या मात्र टबात नकोत. त्यातल्या अनेकांमधलं सायन्युरिक आम्ल पाण्यात साचत जातं आणि क्लोरीनचा जोर कमी करतं.

बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर पांढरा थर धरतो. फिल्टर नियमित धुवा, आणि साधारण तीन महिन्यांनी टब पूर्ण रिकामा करून, घासून पुन्हा भरा. वापर जास्त असेल तर त्याआधीच.